बांधावरची पापडी

दसरा उलटला की पनवेलच्या बामणआळीतून आणि बाजारातल्या वाण्यांच्या घरांतून गुणाबाईला बोलावणं जाई. चार महिन्यांच्या पावसाने अंगणाची माती धुपलेली असे, भिंतीच्या कडेने शेवाळ चढलेलं असे, मध्ये गवताचे झुबके वाढलेले असत. गुणाबाई आधी सगळा वरचा थर खरवडून काढी. मग नवी माती पसरून तिच्यावर पाणी मारी आणि गुडघे टेकून लाकडी चोपण्याने चोपत चोपत मागे सरकत जाई. चौथ्या दिवशी शेणाचा हात फिरला की अंगण परातीसारखं सपाट दिसे. बायका त्यावर वाल वाळत घालत, पापड पसरत, आणि शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवत.

तिच्या सुरुवातीच्या अंगणांचा एक खास गुण पनवेलभर माहीत होता. त्यात गवत उगवत नसे, मुंग्या घर करत नसत, आणि ऐन वैशाखातही धूळ उडत नसे. बायका म्हणत, हिच्या हाताला काहीतरी आहे. गुणाबाई हसे आणि चोपणं धुऊन काखेत मारी. हाताला काही नव्हतं. गुण मातीचा होता, आणि ती माती कुठली, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

गुणाबाईचं गाव तळखार, पनवेलपासून कोसभर खाडीच्या बाजूला. आगऱ्यांची तीस-बत्तीस घरं. गावाच्या एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खार, म्हणजे बांध घालून समुद्रापासून सोडवून घेतलेली भाताची जमीन. पावसाळ्यात लोक भात करत, पाऊस संपला की पुरुष मिठागरावर जात. बांध खाडीच्या कडेने पाऊण मैल लांब होता, मातीचा, बाहेरून दगड लावलेला. तो साऱ्या गावाचा. पण सांभाळायला वाटून दिलेला. ज्याचं खाचर जेवढं, त्याच्या वाट्याला तेवढे हात बांध. गुणाबाईच्या घराचा वाटा चाळीस हात होता. त्याला लागून तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाचा, भगवानचा वाटा, तोही चाळीस हात.

वाट्याचा नियम जुना होता आणि तोंडीच होता. उधाणाने बांध फुटला, चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं करून फोडला, तर तो कोणाचा दोष नाही; सगळ्यांनी मिळून खांड बुजवायची. पण कोणाच्या हलगर्जीने खांड पडली, तर त्या घराचा बांध आणि त्याच्याबरोबरचं खाचर शेजारच्या वाट्याकडे जायचं. असं कोणाचं गेलेलं जिवंत माणसांनी पाहिलं नव्हतं. तरी नियम सगळ्यांना पाठ होता. बांधावर माती टाकायची हाक आली की जेवत्या ताटावरून माणसं उठत, ती त्या नियमाच्या धाकाने.

गुणाबाई लग्न होऊन तळखारात आली ती चव्वेचाळीस साली. नवरा बळीराम मिठागरावर जाई. सासू सखूबाई उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारी. तिला घर स्वच्छ लागे. तांब्या पालथा घालायचा तोही कोणत्या बाजूला, ते ठरलेलं होतं. पण बांधाच्या बाबतीत तिचं उलटं होतं. बांधाच्या अंगावर एक काळी पापडी धरलेली असे. उन्हाळ्यात ती राखाडी-काळी होऊन खरखरीत वाळे, कुठे कुठे तिच्या कडा पापडासारख्या उचलल्या जात. पावसाळ्यात तीच फुगे, हिरवी आणि बुळबुळीत होई. खाऱ्या मातीत गवत धरत नाही, त्यामुळे तुरळक झुडपं सोडली तर बांधाला दुसरं पांघरूण नव्हतं. गुणाबाईला ते दिसायला खरजेसारखं वाटे. पहिल्याच वर्षी तिने विचारलं होतं की एवढा घाण बांध साफ का करत नाही. सखूबाई म्हणाली होती, तो घाण नाही, त्याला हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. सासवा सुनांना का ते सांगत नसत.

पनवेलची अंगणं तिला मिळाली ती अठ्ठेचाळीस साली. बळीरामच्या ओळखीच्या एका वकिलाकडे पहिलं अंगण केलं, शेताच्या साध्या मातीने. ते महिनाभरात फुटलं. वकिलीणबाईंनी मजुरी दिली, पण तोंड वाकडं केलं. गुणाबाईला ते लागलं. दुसऱ्या खेपेला ती निघाली तेव्हा बांधावरून जाताना तिने पापडीचा एक पत्रा उचलून पाहिला. खाली माती पिठासारखी बारीक होती, गाळलेली असावी तशी. पापडी हाताने मोडली तर तुकडे लगेच सुटत नव्हते. केसाहून बारीक तंतू त्यांना धरून होते, आणि तंतूंना मातीचे कण चिकटलेले होते. तिने टोपलीभर माती पापडीसकट उचलली. वकिलांच्या अंगणात ती चोपली आणि अंगण असं बसलं की वकिलीणबाईंनी तिला आत बोलावून चहा दिला.

मग रोज एक टोपली. कार्तिकापासून माघापर्यंत पाच घरांची अंगणं झाली. रोज एकाच जागेवरून माती घ्यायची, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, पलीकडे, जिथे कोणाचं जाणं-येणं नसे. एक टोपली म्हणजे काय, असं तिला वाटे. चार महिन्यांत सहा-सात हात बांधाची कातडी सोलली गेली. तिने तिथे फावड्याच्या पाठीने सारखं करून ठेवलं. तिच्या मते ती जागा आता बाकीच्या बांधापेक्षा चांगली दिसत होती.

एकोणपन्नासच्या आषाढात पावसाने त्या सहा-सात हातांत बोटभर रुंदीच्या नाळी पाडल्या. बाकी बांधावर पाऊस पडे आणि घरंगळून जाई. इथे प्रत्येक थेंब खड्डा करी. श्रावणात नाळी हातभर खोल झाल्या. पिठोरी अमावास्येच्या उधाणाला दुपारी भरतीचं पाणी चढलं आणि तिथेच खांड पडली. तासाभरात अकरा घरांच्या खाचरांत पोटरीइतकं खारं पाणी भरलं. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. आठ दिवसांत ते पिवळं होऊन आडवं झालं.

खांड बुजवायच्या आधी पंच पाहायला आले. सखूबाई आधीच जाऊन उभी होती. तिने खांडीच्या दोन्ही तुटक्या कडांवर चिंबोऱ्यांची बिळं दाखवली. बिळं होतीच, कोणत्याही बांधाची कड तोडली तर दोन-चार सापडतात. पंचांनी माना हलवल्या. चिंबोरीचं काम, कोणाचा दोष नाही. घरी आल्यावर चुलीपुढे बसलेल्या सुनेला सखूबाई हळू आवाजात म्हणाली,

“माती कुटं नेलीस ता मना ठावं हाय. आता कोनाला सांगायचं नाय. मी मेल्यावर पन नाय.”

तिला सुनेची दया आली होती अशातला भाग नव्हता. बोलली असती तर खाचर गेलं असतं.

त्या अकरा घरांना तीन वर्षं भात झालं नाही. खारं पाणी मुरलं की जमीन धुऊन निघायला तेवढे पावसाळे लागतात. माणसं पांगली. भगवानच्या घरची सगळीच्या सगळी वीटभट्टीवर गेली. भगवानचं लग्न ठरलेलं होतं, ते भट्टीवरच लागलं. त्याच्या बायकोने, शकूने, सासरचं म्हणून जे पहिलं घर पाहिलं ती भट्टीच्या कडेची झापाची खोपी होती.

बुजवलेल्या खांडीवर सखूबाईने जे केलं ते गुणाबाईने मुकाट्याने पाहिलं आणि शिकली. म्हातारीने भगवानच्या वाट्यातून मूठभर वाळकी पापडी आणली, हाताने चुरली, आणि रिमझिम पाऊस चालू असताना नव्या मातीवर भुरभुरली. दुधाला विरजण लावावं तशी. मग त्या जागेला काट्या लावून कोणाचा पाय पडू दिला नाही. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी हिरवे ठिपके आले. बाकीच्या बांधासारखी काळी पापडी धरायला सहा वर्षं गेली. तोवर सखूबाई वारली होती. त्याच सुमारास बळीरामही तापाने गेला. मागे गुणाबाई, मुलगी मालू, चाळीस हात बांध आणि एक खाचर.

बाईमाणूस, मुलगा नाही. तरी वाटा तिच्याकडे राहिला, कारण ती तो राखत होती. बांधाला लागून असलेल्या तिच्या खाचराच्या कडेचं भात दरवर्षी बाकीच्यापेक्षा गडद हिरवं होई; वरून पापडीचं हिरवं पाणी झिरपे तिथलं. ती पनवेलची अंगणं करत राहिली, पण आता साध्या मातीची. वकिलीणबाई म्हणत, पूर्वीसारखं होत नाही गं आता. गुणाबाई म्हणे, माती बदलली.

बासष्ट सालच्या चैत्रात ग्रामसेवक म्हणून कमळाकर नावाचा तरुण तळखारात आला. पनवेलचा, मॅट्रिक झालेला, सायकलवर बांधलेल्या पिशवीत कागद घेऊन फिरणारा. मनाने चांगला होता. वरून एक कागद आला होता की खारबांधांवरची झुडपं काढून बांध नीट करावेत, त्यासाठी गावकऱ्यांना मजुरी मिळेल, आणि पावसाळ्यापूर्वी साहेब पाहणीला येतील. कमळाकरने सबंध बांध फिरून पाहिला आणि त्याला झुडपांपेक्षा ती काळी पापडीच जास्त खटकली. त्याने देवळाच्या पडवीत दुपारी गाव गोळा केलं आणि योजना मांडली. वरचा सगळा खराब थर खरवडून काढायचा, नवी माती घालायची, चोपून गुळगुळीत करायची. दर हाताला मजुरी. आणि कामावर देखरेख करायला गुणाबाई, कारण त्याच्या स्वतःच्या घरचं अंगण तिच्याच हातचं होतं.

लोकांना आनंद झाला. मिठागराचा हंगाम सरत आला होता, पावसाला दीड महिना होता, आणि आपल्याच बांधावर काम करून रोख पैसे मिळणार होते. पंचांतला वयस्कर शिवा पाटील म्हणाला की असं सरकार रोज येवो. सगळे हसले.

गुणाबाई पडवीच्या कडेला बसली होती. वाटा तिच्या नावावर असल्यामुळे तिला सभेत बसता येई. पण बोलायची वेळ फारशी येत नसे. ती म्हणाली की झुडपं काढा, पण पापडीला हात लावू नका, त्या पापडीनेच बांध धरून ठेवलाय.

कमळाकरने विचारलं, “गुणाबाई, शेवाळ कधी बांध धरून ठेवतं का? तुम्हीच तर आमच्या अंगणातलं दरवर्षी खरवडून काढता.”

यावर पुन्हा हशा झाला. शकू बायकांत मागे बसली होती. ती म्हणाली,

“आमची जाऊबाय पनवेलचं शेवाळ खरवडून पोट भरते, आनि गावचं शेवाळ पूजते. तिथलं शेवाळ बामनाचं, त्याचे पैसे मिळतात.”

गुणाबाईने समजावून पाहिलं. पावसाचा थेंब पापडीवर कसा घरंगळतो आणि उघड्या मातीत कसा खड्डा करतो, पापडीतले तंतू मातीला कसे धरतात, एकदा गेली तर यायला सहा वर्षं लागतात. लोक ऐकत होते, पण सासूचं खूळ सुनेच्या डोक्यात गेलं, असा त्यांचा चेहरा होता. भगवानने सावकाश विचारलं, आणि त्याचा प्रश्न रास्त होता, की सहा वर्षं लागतात हे हिला कसं ठाऊक; पापडी काढून तर कोणी कधी पाहिली नाही. पहिला हात उद्या सकाळी पडणार होता. कुदळींचा हिशेब सुरूही झाला होता.

तिच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. गप्प बसली तर मजुरी मिळणार होती, देखरेखीचा मान मिळणार होता, आणि श्रावणात पाऊण मैल बांध उघडा पडणार होता. बोलली तर तिचं खाचर. तिसरं काही सुचलं नाही. ती उभी राहिली.

“तेरा वर्सां मागची आमच्या वाट्यातली खांड चिंबोरीनं पाडली नाय,” ती म्हणाली. “मी पाडली. पापडी आनि तिच्याखालची माती टोपलीनं पनवेलला नेली मी. अंगनां केली. जेवढी सोलली तेवढाच बांध फुटला, त्याच्या अल्याड नाय नि पल्याड नाय.”

कमळाकरला काय झालं ते कळलं नाही. त्याने शेजारच्याला विचारलं, त्याने हातानेच थांब म्हटलं. शिवा पाटलाने विचारलं की सखूबाईला ठाऊक होतं का. गुणाबाई म्हणाली, होतं. मग एकेकाला आपापलं आठवायला लागलं. कोणी बैल विकले होते, कोणी भाऊ मुंबईला पाठवला होता तो परतला नव्हता. पण ते मोठ्याने बोलली ती शकू.

“माजं लगीन भट्टीवर लागलं,” ती म्हणाली. “हळद लावली ती राखेवर बसली. सासूनं तांदूळ नाय म्हनून मापट्यात नाचनी भरली, नि ती वलांडून मी घरात गेले. घर म्हंजी झाप. आनि ही तवा पनवेलात बामनांची अंगनां चोपत होती.”

गुणाबाईने मान खाली घातली नाही, वरही केली नाही. ती समोरच्या खांबाकडे पाहत राहिली.

पंचांनी त्याच बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या. पहिलीला वेळ लागला नाही: पापडीला कोणी हात लावायचा नाही, झुडपं तेवढी तोडायची. बाईने आपलं खाचर जाईल हे ठाऊक असून सांगितलं, त्या अर्थी ते खरं आहे, असं शिवा पाटील म्हणाला, आणि त्यावर वाद झाला नाही. खरवडण्याची मजुरी गेली याबद्दल मात्र बरेच जण कुरकुरले, आणि तो रागही गुणाबाईच्याच खाती पडला. दुसरी गोष्ट दिवे लागेपर्यंत चालली. दोघा-तिघांचं म्हणणं होतं की झालं ते झालं, विधवा बाई आहे, मुलगी लग्नाची होत चाललीय, सोडून द्यावं. बाकीचे म्हणत होते की आज हिला सोडलं तर उद्या कोणीही आपला बांध खणून नेईल आणि तेरा वर्षांनी सांगेल. शिवा पाटलाने गुणाबाईला विचारलं की तिला काही म्हणायचंय का. ती म्हणाली, नियम मला ठाऊक होता.

खाचर आणि चाळीस हात बांध भगवानकडे गेला. भगवानला तो नको होता. ऐंशी हात बांध राखायचा म्हणजे काय ते त्याला कळत होतं. पण शेजारच्या वाट्याला नाही म्हणता येत नसे. तोही नियमच होता.

घरी मालू दोन दिवस आईशी बोलली नाही. ती तेरा वर्षांची होती, चौथीपर्यंत शिकलेली आणि तोंडाने फटकळ. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “तू बोलली नसतीस तर?”

“तर सगला बांध फुटला असता.”

“मग सगल्यांचं गेलं असतं. आपलं एकट्याचं नाय.”

गुणाबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

साहेब वैशाखात आले. जीप गावाबाहेर थांबली. ऊन फार होतं. ते देवळाजवळच्या टोकाने पंधरा-वीस पावलं बांधावर चालले, झुडपं काढल्याचं पाहिलं, कमळाकरने पुढे केलेल्या कागदावर सही केली आणि शहाळं पिऊन परत गेले. पापडीबद्दल त्यांनी विचारलंही नाही. कमळाकर त्यानंतर गुणाबाईच्या दारापुढून जाताना सायकलवरून उतरून चालत जाई.

अंगणांचा हंगाम नव्हता, तरी गुणाबाई त्या महिन्यात पनवेलला कामं शोधायला जाऊ लागली. पावसाळ्यापूर्वी कोणाची कौलं शाकारायची असत, कोणाची लाकडं रचायची असत. एका बाजारच्या दिवशी शकू तिच्या मागोमाग चालत आली. खाडीचा रस्ता संपून घरं लागली तेव्हा शकू म्हणाली की ती अंगणं तिला पाहायची आहेत. गुणाबाईने तिला वकिलांकडे नेलं.

अंगण वैशाखातलं होतं, कडक आणि पांढुरकं. त्यावर कुरडया वाळत होत्या. शकू कडेला उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. ती माती आता तिथे उरलीही नसेल, दरवर्षी नवी पडते, असं गुणाबाईने सांगितलं. शकू म्हणाली, ते कळतं मला.

वकिलीणबाई बाहेर आल्या. गुणाबाईचं खाचर गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, कमळाकरच्या घरून. शकू कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं की सातबारा गुणाबाईच्या नावावर आहे, पंचांच्या म्हणण्याला कायद्यात काडीची किंमत नाही, यजमानांनी नुसती एक नोटीस पाठवली तर आठ दिवसांत खाचर परत मिळेल, आणि याचे पैसे ते घेणार नाहीत. मनापासून बोलत होत्या. त्यांना या बाईची कळकळ होती, आणि आपलं ऐकून कोणी सुधारावं ही हौसही होती.

गुणाबाई म्हणाली, “वैनी, नोटिशीनं खाचर येईल. मंग खांड पडल्यावर हाक मारीन तवा कोन येईल? नियम मोडला तर माज्या हाकेला कोन नाय, नि माजी काय, कोनाच्याच हाकेला कोन नाय.”

“पण तुझ्या मुलीचं काय?” वकिलीणबाईंनी विचारलं.

“तिचं बघायचं हाय,” गुणाबाई म्हणाली. वकिलीणबाईंनी दोघींना कुरडयांचा चीक दिला. शकूने तो उभ्यानेच खाल्ला आणि वाटी स्वतः धुऊन पालथी घातली.

परत येताना शकूने पहिल्यांदा तिला काही विचारलं. बांध राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं. गुणाबाई म्हणाली, फार नाही. पावसाआधी चिंबोऱ्यांची बिळं बुजवायची, ढोरं चढू द्यायची नाहीत, माणसंही नाहीत. उन्हाळ्यात पापडी वाळली की ती सगळ्यात नाजूक. तेव्हा पाय पडला की चुरा होतो. पावसाळ्यात ओली असताना पाय घसरतो म्हणून माणसं आपणच जात नाहीत. आणि ती कितीही घाण दिसली तरी साफ करायची नाही. शकू म्हणाली, एवढंच? गुणाबाई म्हणाली, एवढंच, पण रोज.

आषाढात लावणी आली. शकूला दोन घरांच्या खाचरांची लावणी एकदम करायची होती आणि माणसं मिळत नव्हती. निरोप पाठवता आला असता. ती स्वतः आली. दारातून आत न येता म्हणाली, “उद्या तुज्या खाचरात लावनी हाय.” मग थांबून म्हणाली, “आमच्या. येशील?”

“मजुरीला?”

“मजुरीला. भाकर माज्याकडं.”

मालू आतून म्हणाली की आपल्याच शेतात मजुरीला जाणारी बाई तिने पाहिली नाही. गुणाबाई म्हणाली, उद्या बघ, आणि तूही चल, तुझीही मजुरी मिळेल. मालू पाय आपटत गेली, पण गेली.

सकाळपासून सात बाया वाकून लावत होत्या. कुठे जमीन खोलगट आहे, कुठे रोप दाट लावायचं, कुठे विरळ, ते गुणाबाईच्या पायांना ठाऊक होतं. ती कोणाला सांगत नव्हती. तिच्या शेजारची बाई तिच्याकडे बघून लावत होती, आणि तिच्या शेजारची तिच्याकडे बघून. बांधालगतची ओळ शकूने स्वतःकडे घेतली होती.

दुपारी पाऊस उघडला. बसायला कोरडी जागा कुठेच नव्हती. मजुरीने आणलेल्या तीन बाया दुसऱ्या गावच्या होत्या. त्या भाकरी घेऊन सरळ बांधाकडे निघाल्या; उंचवटा तेवढाच होता. एकीने बांधावर पाय टेकला. पापडी फुगून हिरवी झाली होती, तिच्या टाचेखाली ती लोण्यासारखी सरकली. गुणाबाईने ते पाहिलं. तिच्या हातातली रोपं तशीच राहिली. बांध तिचा नव्हता. मालूने आईकडे पाहिलं, मग शकूकडे.

शकू पाठमोरी हात धूत होती. तिने वळून पाहिलं.

“उतरा खाली,” ती म्हणाली. “उबं राहून खा. तिकडं कोनी बसत नाय.”

त्या बाया कुरकुरत उतरल्या. शकू चिखलातून बांधापर्यंत गेली, सरकलेली पापडी दोन बोटांनी जागेवर ढकलून दाबली आणि परत आली. मग सगळ्याजणींनी पोटरीभर पाण्यात उभ्यानेच भाकरी खाल्ली, आणि पाऊस पुन्हा सुरू होण्याआधी उरलेल्या चार ओळी लावून घेतल्या.